डॉक्टर, वकील, समुपदेशकाकडून लैंगिक गैरवर्तन झालं तर: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंतोली आणि रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या एकमेकींना खेटून आहेत, सिव्हिल लाइन्सला वकिलांची गर्दी, आणि शिकवणी वर्ग तर गल्लोगल्ली. गडचिरोली-गोंदियापासून पलीकडे छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं इथे येतात आणि अनोळखी माणसासमोर दुखणं, घरातलं भांडण, कर्ज, सगळं उघडं करतात. करावंच लागतं, त्याशिवाय काम होत नाही. याच उघडेपणाचा समोरच्याने लैंगिक फायदा घेतला तर काय, याबद्दल आम्हाला जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे आहेत. घटना त्याआधीची असेल तर जुनी दंड संहिता लागते.

गैरवर्तन म्हणजे नेमकं काय? बलात्कारच व्हायला हवा का?

नाही. बहुतेक प्रकरणं फार आधी, फार किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींपासून सुरू होतात. शेवटची अपॉइंटमेंट मुद्दाम तुम्हालाच, कंपाउंडर घरी गेल्यावर. "फीचं नंतर बघू." रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर "झोपलात का?" वकिलाचं खटल्यापेक्षा स्वतःच्या संसाराचं रडगाणं जास्त. अंगाबद्दल शेरे, गरज नसलेले खासगी प्रश्न, पाठीवर रेंगाळणारा हात. यातली एखादी गोष्ट सुटी पाहिली तर निरागसही असू शकते, आणि नेमका याच शंकेचा फायदा घेतला जातो.

आम्ही एक साधी कसोटी सांगतो: जे चाललंय ते हा माणूस केसपेपरवर किंवा फाइलमध्ये लिहील का? नर्ससमोर, मुनशीसमोर हेच बोलेल का? उत्तर "नाही" असेल तर ते त्याच्या कामाचा भाग नाही. पुढे काही घडण्याची वाट पाहायची गरज नाही. नकोशा शारीरिक स्पर्शाला आणि अश्लील शेऱ्यांना कलम ७५ आहे, विनयभंगासाठी बळ वापरलं तर कलम ७४, पाठलाग आणि नकोशा मेसेजेसचा मारा यांना कलम ७८.

डॉक्टरांना तर हात लावावाच लागतो. तपासणी कुठली आणि चाळा कुठला, कसं कळणार?

तपासणीला कारण असतं आणि ते आधी सांगता येतं. "पोट दाबून बघतो, दुखलं तर सांगा" हे वाक्य म्हणायला दोन सेकंद लागतात. अंतर्गत तपासणीला हातमोजे हवेत, पडदा हवा आणि तुमची परवानगी हवी. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री खोलीत असावी असा आग्रह धरणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिला आहे. "सिस्टरला आत बोलवा" एवढंच म्हणायचं. चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट त्याचंही त्यात संरक्षण असतं.

बलात्काराच्या व्याख्येतून कायद्याने खरी वैद्यकीय प्रक्रिया वगळली आहे. उपचाराचं नाव देऊन केलेला चाळा त्यात बसत नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींना हेच सांगत होता की हा उपचार आहे. काही वेळा तर आई त्याच खोलीत बसलेली असायची. २०१८ साली मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना ते काय होतं हे कळायलाच वर्षं लागली. तेव्हा "मला तेव्हाच कसं कळलं नाही" असं स्वतःला टोचत बसू नका.

दोघं सज्ञान आहेत. तिने "नाही" म्हटलं नव्हतं. मग गुन्हा कसा?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, बहुतेकदा त्या माणसाच्या मित्राकडून, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे कधी कधी तिच्या सासरकडून.

याचं उत्तर आपल्या विदर्भातूनच सुरू होतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती असणार. चार कायदा प्राध्यापकांनी १९७९ मध्ये या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ साली कायदा बदलला. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्यापुढची गप्प बसलेली स्त्री "तयार होती" असं धरायचं नाही, हा विचार तेव्हा कायद्यात शिरला. पोलिसांबरोबर रुग्णालयाचे कर्मचारीही त्यात आले.

आज कलम ६३ सांगतं की संमती म्हणजे स्वेच्छेने, निःसंदिग्धपणे दिलेला होकार. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं म्हणता येत नाही. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने तिथल्या स्त्रीवर, शिक्षकाने विद्यार्थिनीवर किंवा विश्वासाच्या, अधिकाराच्या जागी असलेल्याने बलात्कार केला तर कलम ६४(२) प्रमाणे किमान १० वर्षं, कमाल जन्मभर कैद. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि तिने "माझी संमती नव्हती" असं सांगितलं, तर न्यायालय ते खरं धरून चालतं. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२० तेच सांगतं. आणि बलात्काराच्या व्याख्येत न बसणारा, पण पदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून, फूस लावून ठेवलेला संबंध असेल, तर कलम ६८ प्रमाणे ५ ते १० वर्षं.

फौजदारी कायदा बाजूला ठेवला तरी पेशाचे नियम संमतीपाशी अडत नाहीत. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतलं ७.४ हे कलम एवढंच म्हणतं की पेशाच्या जागेचा गैरवापर करून रुग्णाशी अनुचित संबंध ठेवला तर शिस्तभंगाची कारवाई होईल. रुग्ण राजी होता का, हा प्रश्न त्यात नाहीच. मला हा नियम कायद्यापेक्षाही शहाणा वाटतो, कारण रेषा ओढण्याचं ओझं तो खुर्चीवर बसलेल्यावर टाकतो, टेबलावर झोपलेल्या पेशंटवर टाकत नाही.

तिला तो खरंच आवडायला लागला होता. मग?

आवडू शकतो. महिनोन्‌महिने कुणी आपलं शांतपणे ऐकून घेतं, आठवणीने विचारतं, न्याय मिळवून देतो म्हणतं, तेव्हा ओढ वाटणं अगदी माणसासारखं आहे. मानसोपचारात ही ओढ इतकी ओळखीची आहे की ती कशी हाताळायची हे प्रशिक्षणातच शिकवतात. शिकवतात ते यासाठी की थेरपिस्टने तिचा गैरफायदा घेऊ नये. रुग्णाला ओढ वाटली यात तिचा काहीही दोष नाही. त्यावर स्वार होणाऱ्याचा आहे.

"उपचार संपल्यावर सुरू झालं" ही सबबही फार चालत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा नियम उपचार संपल्यावर किमान दोन वर्षं संबंधांना मनाई करतो, आणि त्यानंतरही अगदी अपवाद म्हणूनच मोकळीक देतो.

एवढं काय बिघडतं? नुकसान कसलं?

१९९१ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पोप आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा ९५८ रुग्णांची माहिती गोळा केली ज्यांचे आधीच्या थेरपिस्टशी लैंगिक संबंध आले होते. नंतरच्या थेरपिस्टांच्या मते त्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांना त्यातून इजा झाली होती. उपचार संपल्यावर संबंध सुरू झाले होते त्यांच्यातही हे प्रमाण ८० टक्के होतं. सुमारे १४ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ही माणसं निदान दुसऱ्या थेरपिस्टकडे गेली तरी. जी पुन्हा कुठेच गेली नाहीत ती या आकड्यांत आलेलीच नाहीत.

पोप यांनी त्याची लक्षणंही मांडली: अपराधीपणा, आतून रिकामं वाटणं, दाबून ठेवलेला राग, कोणावरच विश्वास न बसणं, आणि "मीच त्याला सांभाळायला हवं" असा उलटा भार. शेवटचं लक्षण ऐकताना लोकांना नवल वाटतं, पण आमच्यासमोर ते नेहमी दिसतं. तक्रार करायला आलेली बाईच विचारते, "त्यांच्या मुलांचं काय होईल हो?"

आपल्याकडे आणखी एक नुकसान असतं ज्याची कुठे नोंद होत नाही. उपचारच थांबतो. टीबीचा कोर्स अर्धवट राहतो, गरोदरपणातली तपासणी चुकते, नैराश्याच्या गोळ्या एकदम बंद होतात. वकिलाच्या बाबतीत फाइल त्याच्याच कपाटात अडकते आणि पोटगीची तारीख निघून जाते. शिकवणीतला प्रकार घरी कळला की शिक्षा पहिल्यांदा मुलीलाच होते. क्लास बंद, मोबाइल बंद, आणि स्थळं बघायला सुरुवात.

मुलगी सतरा वर्षांची आहे आणि म्हणते, "सरांवर माझं प्रेम आहे."

१८ वर्षांखाली संमती हा मुद्दाच उरत नाही. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा लागतो, आणि तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. शाळा-शिकवणीचा शिक्षक, रुग्णालयाचा कर्मचारी, विश्वासाच्या जागी असलेला माणूस यांनी केलेला लैंगिक हल्ला गंभीर प्रकारात मोडतो. लिंगप्रवेशी हल्ल्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षं आहे.

"कपड्यांवरूनच तर हात लावला" हे कोणी म्हणालं तर त्याला नागपूरचाच दाखला द्या. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने त्वचेला त्वचा लागली नाही म्हणून पोक्सोखालचा लैंगिक हल्ला होत नाही असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रद्द केला. स्पर्शामागचा हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड होतं की नाही ते नाही.

अशी गोष्ट समजल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेने, क्लासने "आम्ही अंतर्गत मिटवलं" म्हटलं तर तोच वेगळा गुन्हा होतो. जानेवारी २०२५ मध्ये नागपुरात विद्यार्थ्यांना समुपदेशन करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाला अशाच आरोपांवरून अटक झाली, तेव्हा एका माजी विद्यार्थिनीच्या तक्रारीने सुरुवात झाली होती. आरोप खरे की खोटे हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण तक्रार करायला कोणीतरी पहिलं निघावं लागतं, हे त्यात दिसलं.

डॉक्टर नाही, महाराज आहेत. ते या यादीत येतात का?

येतात. अंगारा देणारा, मूल होईल असं सांगणारा, "मागच्या जन्मी तू माझी पत्नी होतीस" म्हणणारा, यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. दैवी शक्तीचा बहाणा करून लैंगिक संबंध ठेवणं त्यात गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं. बलात्काराची कलमं वेगळी लागतातच. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम नागपुरातूनच चालतं. या भागातल्या बुवांचे प्रकार त्यांना चांगले ठाऊक आहेत.

वहिनीवर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत. तिचं कोण खरं मानणार?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २० प्रत्येक रुग्णाला शारीरिक, शाब्दिक, भावनिक आणि लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतं, मग ती प्रादेशिक मनोरुग्णालयात असो की खासगी नर्सिंग होममध्ये. आधी संस्थेच्या वैद्यकीय प्रमुखाकडे, तिथे समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जाता येतं. पोलिसांकडे जायला यातल्या कशाचीही वाट पाहू नका. "ती वेडी आहे, तिला भास होतात" हा बचाव ठरलेला असतो, म्हणून तिने सांगितलेलं ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

तक्रार नेमकी कुठे करायची?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत. इथे लोकांचा फार गोंधळ होतो. पोलिसांत गेलं की कौन्सिलमध्ये जाता येत नाही असं काहींना वाटतं. तसं काही नाही.

पोलीस: कोणत्याही ठाण्यात. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो. ठाण्यात जायला मन धजत नसेल तर नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे.

पेशाचं कौन्सिल: इथे आधी पदवी बघा. एमबीबीएस आणि त्यावरचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाचे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथी, दंतवैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांची राज्य कौन्सिलं वेगळी. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं सक्तीचं आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा असं २००२ चे नियमच सांगतात. वकिलाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. समज देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत त्यांना अधिकार आहेत. नावापुढे "काउन्सेलर", "लाइफ कोच" लावून बसलेल्यांची पंचाईत मोठी. पाटी लावायला कोणी अडवत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, आणि ती पहिल्याच भेटीत विचारा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा: हा फक्त नोकरदार बायकांसाठी आहे हा गैरसमज. तिथे नोकरी करत असो वा नसो, कोणत्याही स्त्रीला त्या जागी छळ झाला तर तक्रार करता येते. म्हणजे रुग्णालयातली पेशंटही. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती. कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत ३ महिन्यांची आहे, समितीला पटलं तर आणखी ३.

ठाण्यात म्हणाले, "विचार करून उद्या या."

बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणारा पोलीस कर्मचारी स्वतः कलम १९९ खाली अडकतो. त्याला ६ महिने ते २ वर्षं शिक्षा आहे. हे शांतपणे सांगा. तरी घेतलं नाही तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, मग दंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

वैद्यकीय तपासणीसाठी पुन्हा डॉक्टरकडेच जायचं?

हा प्रश्न विचारणारीच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते. तपासणी तुमच्या संमतीनेच होते, मध्येच थांबवताही येते, आणि महिला डॉक्टर मागता येते. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अत्याचारपीडितेवर मोफत प्रथमोपचार केलेच पाहिजेत. नाकारलं तर तो गुन्हा आहे. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून केली जाणारी) करायची नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिच्यावर पुन्हा बंदी घातली. त्या लढाईचा एक मोठा भाग आपल्याकडचा आहे. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांच्या अहवालाच्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली होती.

पुरावा काय ठेवू?

चॅट डिलीट करू नका, कितीही किळस आली तरी. कॉलची नोंद, अपॉइंटमेंटचे मेसेज, यूपीआयचे व्यवहार, चिठ्ठ्या. रुग्णाने आपली कागदपत्रं मागितली की डॉक्टरने ती ७२ तासांत द्यायची असतात. तक्रार करण्याआधीच मागून घ्या, नंतर फाइल "सापडत नाही". त्या दिवशीचे कपडे न धुता कागदात गुंडाळून ठेवा. ज्या पहिल्या व्यक्तीला सांगितलं तिचं नाव लक्षात ठेवा. जाब विचारायला एकटीने जाऊ नका.

चार वर्षं झाली. आता उशीर झाला का?

तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असू शकते अशा गुन्ह्यांना मुदतीची अटच नाही, म्हणजे बलात्कार आणि विनयभंग दोन्ही चालतात. कलम ७५ च्या छळाला मात्र ३ वर्षं, आणि नुसत्या अश्लील शेऱ्यांना १ वर्ष.

"काहून बदनामी करून घेतेस बाई, पैसे घे अन् मोकळी हो," असं सांगायला माणसं येताहेत.

येतातच, आणि बऱ्याचदा ओळखीतलीच येतात. बलात्काराचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. छळाच्या समितीपुढे समेट फक्त तुम्ही मागितला तरच, आणि तोही पैशांच्या आधारावर नाही. काय बोलणं झालं, कोण आलं होतं, तारीख, सगळं लिहून ठेवा.

माझं नाव पेपरात येईल? त्याने अब्रुनुकसानीचा दावा केला तर?

बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे. ते व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या काकांनाही लागू आहे. योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या व्याख्येतून वगळलेली आहे. फेसबुकवर नावानिशी लिहिणं ही वेगळी गोष्ट. आधी तक्रार, मग वकिलाला विचारून बाकीचं.

पुरुषावर झालं असेल तर?

सज्ञान पुरुषासाठी नव्या संहितेत बलात्काराचं कलम नाही, आणि जुन्या दंड संहितेतलं अनैसर्गिक संबंधांचं कलम ३७७ ही गेलं. ही कायद्यातली सरळ उघडी फट आहे. इजा, धमकी, बळाचा वापर ही कलमं उरतात. पेशाच्या कौन्सिलमध्ये मात्र तक्रारदार स्त्री की पुरुष याने फरक पडत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे, पण त्यात कमाल शिक्षा फक्त २ वर्षं.

मी स्वतः डॉक्टर आहे. खोट्या तक्रारीची भीती वाटते.

सिस्टरला आत ठेवा, परवानगी घेतल्याची नोंद करा, पेशंटशी वैयक्तिक नंबरवरून गप्पा मारू नका. पेशंटला तुमच्याबद्दल ओढ वाटतेय असं दिसलं तर वरिष्ठ सहकाऱ्याशी बोला आणि गरज पडली तर नीट लिहून दुसरीकडे पाठवा. तुम्हाला वाटतेय असं लक्षात आलं तर तेच, पण त्याच आठवड्यात. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटा ठरत नाही, हे २०१३ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. आणि सहकाऱ्याबद्दल कुजबुज कानावर आली असेल तर "आपल्यातलाच आहे" म्हणून गप्प बसणं ही आपल्या पेशाची जुनी खोड आहे.

वकील करायला पैसे नाहीत.

स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. बलात्कार आणि पोक्सोच्या प्रकरणांत राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यही तिथूनच मागता येतं. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. तिथे मराठीतून बोलता येतं.

मैत्रिणीने काल रात्री सांगितलं. मी काय करू?

"तू गेलीसच कशाला" आणि "आत्ताच्या आत्ता ठाण्यात चल", ही दोन्ही वाक्यं गिळा. पुढे जायचं की नाही हे तिला ठरवू द्या. ती १८ च्या आतली असेल तर मात्र कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिचा उपचार किंवा खटला अर्धवट राहिला असेल तर आधी दुसरी डॉक्टर, दुसरा वकील शोधून द्या, आणि पहिल्या भेटीला तिच्यासोबत जा. बाहेर बाकावर बसायचं की आत यायचं, ते तिला विचारा.